मंगळवारची रजा

रेहाना आपा,

तुला जाऊन चार दिवस झाले होते. मी तुझ्या घरी गेले तेव्हा तुझे अब्बू पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, लकवा झाल्यापासून असतो तसा. तुझा भाऊ इमरान बाहेर फोनवर बोलत होता. अब्बूंनी मला विचारलं, "बेटी, तुमकू तो कुछ बोली होगी वो?"

मी म्हटलं, "नाही, अब्बू."

"हां," ते म्हणाले. "तुमकू नहीं बोली, तो किसीकू नहीं बोली होगी."

मी चहा अर्धा ठेवून उठले. माझं उत्तर खोटं होतं. पुढच्या सोमवारी इमरान अब्बूंना कायमचं अमरावतीला नेणार होता. म्हणजे उत्तर दुरुस्त करायला माझ्याकडे सहा दिवस होते. या सहा दिवसांत, एखाद्या बातमीवर वाद निघाला की आपण डेस्कवर जे करतो तेच मी केलं. काय झालं, कधी झालं, कोण काय बोललं, ते क्रमाने लिहून काढलं. तुला लिहिते आहे, कारण यातलं कुठे चुकलं तर ते तूच सांगू शकली असतीस.

आपण दोघी अकोल्यात आपल्या पेपरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर आठ वर्षं शेजारी बसलो. पान दोन तुझं, पान तीन माझं. डेस्कवर बायका आपण दोघीच. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणून पहिले सहा महिने मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. एक दिवस तू प्रूफ बाजूला ठेवलंस आणि म्हणालीस, "तुमी-बिमी नको करू वो. मी काय तुयी सासू हाय?" कॉपीत तुझ्याइतकं स्वच्छ मराठी आपल्याकडे कोणी लिहीत नव्हतं. बोलताना तू अस्सल वऱ्हाडी, आणि अब्बूंचा फोन आला की त्यांच्या हिंदीत. या तीन भाषांत तुला कधी अडखळताना मी पाहिलं नाही.

रजेच्या अर्जाची गोष्ट पहिल्या वर्षातली. मुक्ता तेव्हा दीड वर्षाची होती. नीलेशची नोकरी अमरावतीला. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. सासू-सासरे शेंदूरजनाघाटला, संत्र्याच्या बागेत अडकलेले. ते आले तरी दोन दिवसांनी सासरे म्हणत, "झाडाईले पाणी कोण देईन?" मुक्ताला ताप आला म्हणून मी अर्ज लिहिला: मुलगी आजारी असल्याने दोन दिवसांची रजा मिळावी. आपल्या साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचला. मग विचारलं, "घरी सासू नाही का?" आणि पुढे, "दर वेळी असंच असणार का?"

तू मला जिन्यात घेऊन गेलीस.

"असा अर्ज लिवते काय वो कोणी?"

"मग कसा लिहू? तिला ताप आहे ना."

"तिले ताप हाय हे तुले मालूम, मले मालूम. कागदावर लिव, मले ताप हाय. आपल्या तापाले कोणी सासू इचारत नाई."

मी तो अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात मला व्हायरल ताप होता. रजा मिळाली. साहेब उलट म्हणाले, "काळजी घ्या."

त्या दिवसापासून ती आपली पद्धत झाली. मुक्ता आजारी पडली की कागदावर मी आजारी. अब्बूंना काही झालं की कागदावर तू. तुझ्या डायरीच्या मागच्या पानावर तू दोन रकाने आखलेस, एक तुझा, एक माझा. कोणत्या महिन्यात कोणाला काय झालं ते त्यात लिहायचीस, म्हणजे एकच आजार लागोपाठ येऊ नये. "तुयं पोट झालं ना जूनमंदी? आता दाढ लिव." त्या रकान्याप्रमाणे मला दोनदा टायफॉइड झाला आहे. तुला मणक्याचा त्रास आहे, अर्धशिशी आहे, एकदा कावीळ होऊन गेली आहे. कावीळ मी सुचवली होती. तू म्हणालीस, "तिच्यात डोये पिवळे दिसा लागते बाई, उद्या कोणी डोयात पायलं तं?" मी म्हटलं, "साहेब तुझ्या डोळ्यात पाहतात कधी?" आपण इतक्या हसलो की कॅन्टीनमधल्या मावशींनी दार उघडून पाहिलं.

फोनचीही पद्धत ठरली. सकाळी अकराच्या सुमारास एकीचा फोन आला की दुसरीने फक्त विचारायचं, "कोण?"

"अब्बू."

"बरं. पान धरते."

किंवा, "मुक्ता."

"धरली. डबा पाठू का?"

जी येणार नसेल तिचं पान दुसरीने लावायचं. त्या दिवशी एकीची दोन पानं. चूक झाली तर तीही जी लावेल तिची. आठ वर्षांत आपण एकमेकींची किती पानं लावली ते मी मोजलेलं नाही. एकही पान उशिरा गेलं नाही, एवढं खात्रीने लिहू शकते.

मुक्ता तीन वर्षांची असताना जठारपेठेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात भरती होती. त्या दिवशी मतमोजणी होती. मतमोजणीच्या दिवशी डेस्कवर कोणालाच आजारी पडता येत नाही, कागदावरही नाही. तुझी मात्र साप्ताहिक सुट्टी होती. तू सकाळी दहाला आलीस, चप्पल काढलीस, मुक्ताच्या उशाशी बसलीस आणि म्हणालीस, "तू जाय." मी दारात घुटमळले. "जाय ना वो. तू इथं उभी राहून तिचा ताप उतरते काय?"

नंतर सिस्टरने मला सांगितलं. तिने खाटेपाशी येऊन विचारलं होतं, "पेशंटची आई कोण?" तू म्हणालीस, "आई मतं मोजून राहिली. मी हाय, काय सांगाचं ते मले सांगा." मी पोचले तेव्हा मुक्ताच्या तोंडावर नेब्युलायझरचा मास्क होता आणि तू तिला गोष्ट म्हणून त्या दिवशीच्या पान दोनच्या बातम्या सांगत होतीस. मूर्तिजापूर रोडवर टँकर उलटला आणि लोक बादल्या घेऊन धावले. त्या टँकरमध्ये दूध होतं, असं तू तिच्यासाठी बदललं होतंस. खऱ्या बातमीत डिझेल होतं. बातमीतला तपशील बदलताना मी तुला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मीही अब्बूंजवळ बसले आहे. तुला सकाळी बैठकीला जावं लागलं की मी मुक्ताला घेऊन किल्ल्याजवळच्या तुमच्या गल्लीत यायचे. अब्बू पूर्वी छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांनी उभ्या आयुष्यात मराठीचे खिळे जुळवले. डोळे कमी झाल्यावर ते मला पेपर मोठ्याने वाचायला सांगत आणि मधेच थांबवत. "ये हेडिंग किसने दी? 'बाजारपेठेला ताप'? बाजारकू बुखार आता क्या?" ते मथळे बहुतेक माझेच असत. मी सांगत नसे. त्यांना कळत असावं, कारण लगेच म्हणत, "चलो, बेटी, आगे पढो. छोटी गलती है."

हे सगळं मी कृतज्ञतेने लिहिते आहे. पण यात आपलं जे चुकत गेलं तेही त्याच वेळी चुकत होतं. मला ते आज दिसतं.

दोन वर्षांपूर्वी कार्यालयात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. ज्यांच्या आजारपणाच्या रजा सर्वांत जास्त, त्यांची नावं यादीत वर होती. पहिलं तुझं, दुसरं माझं. आपण ती यादी पाहून परत जिन्यात जाऊन हसलो. शिबिराच्या सकाळी अब्बू मोरीत घसरले. तू आली नाहीस. मी गेले, माझं रक्त, रक्तदाब, ईसीजी सगळं चांगलं निघालं. डॉक्टर रजेची यादी पाहून म्हणाले, "तुम्ही तर ठणठणीत आहात." तुझ्या नावापुढे गैरहजर असं लिहिलं गेलं. मी तुला म्हटलं, "सुटलीस." हा शब्द माझा आहे, तो मी नोंदवते.

आणि आपलं भांडण. ते मिटलं नाही. मागच्या दिवाळीनंतर मी तुला म्हटलं की आता हे बंद करू. मुक्ता मोठी झाली होती, ती शाळेत बाईंना विचारायची, आईला सारखा ताप का येतो? आपल्या कार्यालयातल्या एका बाईंनी तिला विचारलं होतं, आई बरी आहे का? मी म्हटलं, खरं लिहू. जे व्हायचं ते होईल.

तू स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालीस, "तू लिव."

"दोघींनी लिहिलं तर जोर येईल. एकटीनं लिहिलं तर परत सासूवर जातील."

"तुयी पोरगी मोठी होऊन राहिली, वैशू. दोन-तीन वर्सांत तिचा ताप तिचा तिले समजन. माये अब्बू लहान होऊन राहिले. मी आज लिवलं वडील आजारी, तं उद्या काय लिवू? परवा काय लिवू? एक दिवस ते म्हणतीन, बाई, तुमी घरीच बसा."

"म्हणजे आयुष्यभर तूच आजारी राहणार?"

"हाव. काहून, तुले काय तरास हाय?"

"त्रास हा आहे की उद्या तुला खरंच काही झालं तर कोणाला पटणार नाही."

हे मी बोलले. तारीख आठवत नाही, वाक्य नेमकं आठवतं. तू म्हणालीस, "मले काय होते? माया सगळा आजार तं होऊन गेला." मग आपण तीन दिवस कामापुरतं बोललो. चौथ्या दिवशी मुक्ताला उलट्या सुरू झाल्या, मी तुला फोन केला, तू विचारलंस, "कोण?" आणि भांडण तिथेच राहिलं. मी अर्जात पोटाचा त्रास लिहिला. माझाच.

आता तो मंगळवार.

सकाळी अकराला दहा कमी असताना तुझा फोन आला. मुक्ता शाळेत गेली होती. मी ओट्याशी होते, फोन खांद्याने धरलेला होता.

"कोण?" मी विचारलं.

"कोणी नाई वो. मीच."

"म्हणजे?"

"मायीच तब्येत बरोबर नाई वाटून राहिली. पाठ भरून आली. जिना चढली तं दम लागते. आज नाई येत."

मी हसले, आपा. मी म्हटलं, "पाठ? मार्चमध्ये मणका झाला ना तुझा? दुसरं काही काढ. आणि मी काय साहेब आहे का, माझ्यापुढे तरी नाटक नको."

  मग तूही हसलीस.

"हाव वो, हाव. अब्बूच समज. पान धर."

"धरलं. अब्बूंना काय झालं?"

"काई नाई. नेहमीचंच."

मी फोन ठेवला. भाजी लागली नव्हती. मी दोनला कार्यालयात गेले, तुझा अर्ज पोचला होता, त्यात लिहिलं होतं: पाठदुखी व अशक्तपणा. साहेब म्हणाले, "यांची पाठ पुन्हा."  मी दोन्ही पानं लावली. दोन्ही वेळेत सोडली.

बुधवारी तू आलीस. मी विचारलं, "कसे आहेत अब्बू?" तू म्हणालीस, "बरे हायेत." तू जिना सावकाश चढलीस, पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिलीस. मला वाटलं, रात्री अब्बूंनी झोपू दिलं नसेल. गुरुवारी तू चहा नको म्हणालीस. मला वाटलं, रोजा असेल, मग आठवलं की रमजान होऊन गेला. एवढं आठवूनही मी काही विचारलं नाही. या दोन दिवसांत आपण एकमेकींपासून चार फुटांवर बसलो होतो. मी तुला अब्बूंविषयी चार वेळा विचारलं. तुझ्याविषयी एकदाही नाही.

शुक्रवारी मुक्ताला एकशे दोन ताप होता. नऊ वर्षांची झाली तरी ताप आला की ती माझा पदर सोडत नाही. अकरा वाजता मी तुला फोन करणारच होते, इतक्यात तुझाच आला. मी म्हटलं, "कोण?"

पुरुषाचा आवाज आला. "मैं इमरान बोल रहा. आपा का भाई."

तू पहाटे स्वयंपाकघरात पडलीस. शेजाऱ्यांनी अकोल्यात एका दवाखान्यात नेलं. इमरान अमरावतीहून आला, तिकडे त्याच्या ओळखीचे डॉक्टर होते, म्हणून तो तुला गाडीने अमरावतीला नेत होता. त्याने ते बडनेऱ्याच्या अलीकडून, गाडीतूनच सांगितलं. "दिल का बोल रहे." मग म्हणाला, "आप आओगे क्या? आपा ने आपका नाम लिया था."

मी येते असं म्हटलं, आणि मग खोलीत उभी राहिले. मुक्ताला घेऊन दोन तास बसने जाता येणार नव्हतं. तिला ठेवायचं तर कोणाकडे? शेजारच्या काकू मुलीकडे नागपूरला. सासू शेंदूरजनाघाटला. अशा वेळी जिला बोलवायचं ती एकच बाई मला माहीत होती. ती त्या गाडीत होती.

मी नीलेशला फोन केला. तो ऑफिसातून उठला आणि माझ्याऐवजी दवाखान्यात गेला. मी इथे मुक्ताच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. दुपारी तीन चाळीसला त्याचा फोन आला. तो म्हणाला, "वैशाली, गेल्या त्या." त्याने तुला आयुष्यात तीनदा पाहिलं होतं. तुझ्याजवळ मी असायला हवं होतं तिथे तो उभा होता आणि त्याला काय करावं हे कळत नव्हतं. त्याने इमरानला पाणी आणून दिलं, एवढंच त्याने मला सांगितलं.

पाचला कार्यालयातून फोन आला. पान दोनला कोणीच नव्हतं. मी मुक्ताला स्वेटर घातला आणि ऑटोने सोबत नेलं. तुझ्या खुर्चीला आणखी एक खुर्ची जोडून त्यांवर तिला निजवलं. आठ वर्षांत माझं आजारी मूल कार्यालयात पहिल्यांदा दिसलं. साहेब आले, तिच्या कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, एवढा ताप आहे. तसं सांगायचं ना, रजा घ्यायची." ते मनापासून म्हणत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि कामाला लागले.

तुझी बातमी सहा ओळींची होती. वार्ताहराने लिहिलं होतं, अल्पशा आजाराने निधन. हा शब्दप्रयोग तू नेहमी काढायचीस. म्हणायचीस, अल्प कोणाच्या मापानं? मी तो काढला. त्या जागी काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून फक्त निधन ठेवलं. मुक्ता मधेच उठून म्हणाली, "आपा मावशीची जागा आहे ही. ती आली की मी उठू?" मी म्हटलं, "झोप."

दुसऱ्या दिवशी तुला अकोल्याला आणलं. बायका घरातच थांबतात, मीही थांबले. तुझा चेहरा पाहिला. तुझ्या एका मावसबहिणीने मला धरून विचारलं, "पहले कुछ हुआ था क्या इसकू?" दुसरी म्हणाली, "अरे, हमेशा बीमार तो रहती थी. ऑफिस में पूछो." ही गोष्ट घरापर्यंत पोचली होती हे मला तेव्हा कळलं. आपल्या रकान्यातला आजार लोकांनी खरा मानला होता. तू कायमची आजारी होतीस, म्हणून तू गेलीस याचं कोणाला फारसं आश्चर्य नव्हतं. जिला आश्चर्य वाटू शकेल अशी एकटी मी होते. आणि मी मंगळवारी हसले होते.

काल रविवार. नीलेश मुक्ताजवळ थांबला आणि मी अब्बूंकडे गेले. घरात खोकी बांधून ठेवली होती. इमरान सामान बांधायला दोरी आणायला गेला होता. अब्बूंनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

"अब्बू, त्या दिवशी मी खोटं बोलले. ती मला बोलली होती."

त्यांनी मान वर केली.

"मंगळवारी सकाळी. पाठ दुखते, दम लागतो, असं म्हणाली. मला वाटलं, तुमच्यासाठी रजा हवी असेल. आम्ही तसंच करत होतो, नेहमी. तुम्ही आजारी असलात की ती स्वतःचं नाव लिहायची. मी हसले तिला."

हे त्यांना नवीन होतं. "मेरे वास्ते वो अपना नाम लिखती थी?"

"हो."

"कितने साल?"

"आठ."

 त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून जरा वर ठेवला.

"मंगल कू," ते म्हणाले. "मंगल कू घर पे थी वो. मैं पूछा, आज काहे की छुट्टी? बोली, यूंच. तो मैं बोला, खाली है ना तू? तो चल, मेरा पांव दिखा ला. बहुत दिन से सूजन थी." त्यांनी डाव्या हाताने पाय दाखवला. "बोली, चलो. रिक्षा में मेरेकू चढाई. उतारी. दवाखाने की सीढी पे दो बार बैठ गई. मैं बोला, क्या रेहाना, तू तो मेरे से बुढी हो गई."

मी पलंगाच्या कडेवर बसले.

"डॉक्टर के सामने बैठी थी वो, बेटी. सामनेच. आधा घंटा. मेरी फाइल गोदी में लेके. डॉक्टर पूछ रहा, वो बता रही. अब्बू कू ऐसा होता, अब्बू कू वैसा होता." त्यांनी मला विचारलं, "इतना बोली, तो अपना एक लफ्ज नहीं बोल सकती थी?"

मला उत्तर माहीत होतं. तो लफ्ज तू अकराला दहा कमी असताना मला एकदा बोलून पाहिला होतास आणि मी हसले होते. मी ते त्यांना परत सांगितलं नाही. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की माझ्यावरचं ओझं माझ्याकडेच राहील आणि निदान त्यांना तरी समजेल. तसं झालं नाही. मी आले त्याआधी ते फक्त दुःखात होते. आता ते त्या मंगळवारचा एकेक क्षण मोजू लागले.

"माझं चुकलं, अब्बू. मी आज सांगायला नको होतं."

"काहे कू? गलत छपा तो दुरुस्ती नहीं छापते क्या?" त्यांचा आवाज छापखान्यातला झाला. "तुम उसपे लिखने वाले ना? इमरान बोल रहा था."

"लिहिते आहे."

"उसमें मंगल का लिखो."

"लिहिलंय. मी हसले ते लिहिलंय."

"मेरा भी लिखो."

"अब्बू, तुमचं कशाला? तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुमकू मालूम था क्या?" त्यांनी विचारलं. "नाम डाल के लिखो. शेख गफूर. सिर्फ बाप ऐसा मत लिखो. अधूरा मत छोडो."

इमरान दोरी घेऊन आला. आम्ही दोघांनी खोकी बांधली. निघताना अब्बूंनी मला विचारलं, मुक्ताचा ताप उतरला का. मी म्हटलं, उतरला. ते खरं होतं.

आज सकाळी नऊला गाडी आली. मी अब्बूंचा उजवा पाय उचलून आत ठेवला, दार लावलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. मग मी घरी आले आणि हे शेवटचं लिहायला बसले. दोनला कार्यालयात जायचं आहे. पान दोन सध्या माझ्याकडेच आहे, दुसरं कोणी येईपर्यंत.

अब्बूंनी सांगितलं तसं लिहिते. शेख गफूर यांना ते दिसलं नाही. मला, वैशालीला, तू ते सांगितलंस, मी ऐकलं नाही. मंगळवारी तू आजारी होतीस, आपा. तू स्वतः.